‘जनपदोद्ध्वंस’ : शब्दाचा उगम, अर्थ आणि आजचा वापर

२०२० च्या वसंतापासून आयुर्वेदाच्या व्यवहारात जो एक शब्द सर्वाधिक उच्चारला गेला, तो म्हणजे ‘जनपदोद्ध्वंस’. व्याख्यानांत, परिसंवादांत, औषधविक्रेत्यांच्या पत्रकांत, एवढेच नव्हे तर काढ्याच्या पुड्यांवरही तो झळकला. त्यापूर्वी हा शब्द बहुतेकांच्या लेखी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेपुरता उरला होता. संहितेतील एखादा शब्द लोकांच्या तोंडी यावा, याचा आनंद कोणाही वैद्यास होईल. तथापि आमच्या पाहण्यात आलेल्या पत्रकांपैकी बहुतेकांत हा शब्द अशुद्ध छापलेला होता आणि त्याहून अधिक पत्रकांत त्याचा अर्थ चुकीचा दिलेला होता. लेखनदोषाची उपेक्षा एकवेळ करता येईल. अर्थाची मात्र करता येत नाही, कारण त्या अर्थावर औषधाच्या गुणाचे दावे उभे केले गेले.

प्रथम रूपाविषयी. जनपद अधिक उद्ध्वंस अशी या शब्दाची फोड आहे. उद् हा उपसर्ग आणि ध्वंस हे धातुसाधित नाम एकत्र येताना उपसर्गाचा द् कायम राहतो, म्हणून ‘द्ध्व’ असे जोडाक्षर सिद्ध होते. छापील मजकुरात सर्रास आढळणाऱ्या ‘जनपदोध्वंस’ या रूपात तो द् गळून पडतो आणि त्याबरोबर उपसर्गही नाहीसा होतो. नित्याच्या मराठीतील ‘उद्ध्वस्त’ या शब्दाचीही हीच गत आहे. वृत्तपत्रांत भूकंप झाला, पूर आला की ‘उध्वस्त’ गावे दिसू लागतात. ‘ऊर्ध्व’ या शब्दाशी घोटाळा होऊन हे रूप रूढ झाले असावे, असा आमचा तर्क आहे. ते काहीही असो. वैद्यकाच्या नियतकालिकात व औषधाच्या वेष्टनावर तरी शुद्ध रूप असावे.

ध्वंस् या धातूचा अर्थ धातुपाठात अवस्रंसन असा दिला आहे. अवस्रंसन म्हणजे सुटून, निखळून खाली पडणे. स्रंस् आणि भ्रंश् हे त्याचे सोबती. ‘गर्भस्रंस’, ‘गुदभ्रंश’ हे शब्द वैद्यांच्या नित्य परिचयाचे आहेत. त्यांत एखादा अवयव वा पदार्थ आपल्या जागेवरून सरकतो, पण मोडत नाही. ध्वंसामध्ये मात्र सुटण्याबरोबर विखुरणेही आहे. जी वस्तू एकसंध होती तिचे कण कण होतात. या अर्थाचा एक मनोहर पुरावा आपल्या मानपरिभाषेतच आहे आणि औषधनिर्मात्यांनी तो अवश्य पाहावा. चरकाच्या कल्पस्थानाच्या अखेरच्या अध्यायात मापांची जी परंपरा सांगितली आहे तिचा आरंभ ‘ध्वंशी’पासून होतो. सहा ध्वंशी म्हणजे एक मरीची आणि सहा मरीची म्हणजे एक सर्षप. कोशांत या शब्दाचे ‘ध्वंसी’ असेही रूप मिळते. शार्ङ्गधराने हेच माप ‘वंशी’ या नावाने, त्रसरेणूचा पर्याय म्हणून दिले आहे. झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसणारा धूलिकण तो हाच. ध्वंस पावलेल्या वस्तूचे जे शेवटी उरते, ते आपल्या तराजूचे पहिले माप आहे!

‘उद्’ या उपसर्गाचा मूळ अर्थ वर, बाहेर असा. उच्छेद, उन्मूलन, उत्सादन या शब्दांत तो ‘मुळापासून’ अशी छटा आणतो. खाली पडणे दाखविणाऱ्या धातूस वर जाणे दाखविणारा उपसर्ग लागावा हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. भिंत खाली कोसळते तेव्हा तिची धूळ वर उठते, हे चित्र या संयोगामागे असावे, असे आम्हांस वाटते. अर्थात ही आमची कल्पना आहे, व्याकरणाचा निर्णय नव्हे.

हाच धातू संहितांत इतरत्रही भेटतो. राजयक्ष्म्याच्या कफज लक्षणांत ‘कंठाचा उद्ध्वंस’ सांगितला आहे. माधवनिदान वाचलेल्या प्रत्येकास तो आठवेल. तेथे गळा नष्ट होतो असे कोणी म्हणत नाही. घसा खरवडल्यासारखा होणे, बसणे असा अर्थ आपण घेतो. म्हणजे उद्ध्वंस हा शब्द पूर्ण नाशासाठीच वापरला जातो असे नाही, पीडेसाठीही तो येतो. दुसरे स्थळ मदात्ययाच्या अध्यायातील. मद्य सोडून दिलेला मनुष्य पुन्हा एकाएकी अतिमद्यपान करतो, तेव्हा त्यास ‘ध्वंसक’ आणि ‘विक्षय’ हे दोन विकार होतात, असे चरक सांगतो. ध्वंसकात कफाचा स्राव, कंठ व मुख कोरडे पडणे, शब्द सहन न होणे आणि तंद्रा व निद्रा यांचे आधिक्य ही लक्षणे आहेत. व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या वैद्यांनी या छोट्याशा प्रकरणाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता ‘जनपद’. जनांचे पद ते जनपद, म्हणजे लोकांनी जेथे पाय रोवला ती भूमी. कौटिल्याने राज्याची जी सात अंगे मानली त्यांत स्वामी व अमात्य यांच्यानंतर जनपदाचे स्थान आहे. या एका शब्दात भूमी आणि तीवर राहणारा लोक हे दोन्ही येतात. आजच्या हिंदीत ‘जनपद’ म्हणजे जिल्हा. मराठीत तो अर्थ रुजला नाही, मात्र ‘जानपद’ या विशेषणात ग्रामीण लोकजीवनाची आठवण राहिली. भेलसंहितेत ‘जनपदविभक्तीय’ नावाचा अध्याय असून त्यात निरनिराळ्या प्रदेशांतील लोकांचा आहार व त्यांतून उद्भवणारे व्याधी यांचा विचार आहे. अग्निवेश आणि भेल हे दोघेही आत्रेयांचे शिष्य. देश आणि लोक यांचा एकत्र विचार करण्याची ही दृष्टी गुरूंचीच असावी.

या दोन्ही पदांचा समास ज्या अध्यायाच्या शीर्षकात येतो तो म्हणजे चरकाच्या विमानस्थानाचा तिसरा, ‘जनपदोद्ध्वंसनीय’ अध्याय. स्थळ आहे पांचाल देशाची राजधानी कांपिल्य. उत्तर प्रदेशाच्या फर्रुखाबाद जिल्ह्यातील कंपिल हे गाव म्हणजेच प्राचीन कांपिल्य होय. ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात भगवान पुनर्वसू आत्रेय शिष्यांसह गंगेच्या तीरावरील वनात फिरत आहेत. फिरता फिरता ते अग्निवेशास सांगतात की नक्षत्रे, ग्रह, वायू, अग्नी आणि दिशा यांच्या ठिकाणी विकृती दिसू लागली आहे. लवकरच भूमी औषधींना योग्य रस, वीर्य, विपाक व प्रभाव देईनाशी होईल आणि मग रोग फैलावतील. म्हणून उद्ध्वंस होण्यापूर्वी आणि भूमी विरस होण्यापूर्वी औषधी काढून ठेवा.

येथे आत्रेयांनी जे क्रियापद योजले आहे त्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ते आहे ‘उद्धरध्वम्’, उद् अधिक हृ, म्हणजे उपटून, वर काढून घ्या. मराठीत ‘उद्धार’ म्हणजे संकटातून वर काढणे. एकाच वाक्यात एकीकडे उद्ध्वंस आणि दुसरीकडे उद्धरण. उपसर्ग तोच, धातू मात्र परस्परविरुद्ध. पुढे लगेच आत्रेय म्हणतात की औषधी नीट काढलेल्या असतील, नीट सिद्ध केलेल्या असतील आणि नीट योजल्या जातील, तर जनपदोद्ध्वंस करणाऱ्या विकारांचा प्रतिकार फारसा जड जात नाही. संग्राहक, निर्माता आणि चिकित्सक या तिघांची कामे येथे क्रमाने आली आहेत आणि तिन्ही ठिकाणी ‘सम्यक्’ हे एकच विशेषण लावले आहे. त्यांपैकी एकाचे काम बिघडले तर काय होते हे ग्रंथकाराने लिहिलेले नाही. ते आपण २०२० व २०२१ मध्ये पाहिले.

या वाक्यातील आणखी एक गोष्ट अर्थनिर्णयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. ग्रंथात ‘जनपदोद्ध्वंसकर विकार’ असा शब्दप्रयोग आहे. विकार हा उद्ध्वंस करणारा, आणि उद्ध्वंस हा त्याचा परिणाम. म्हणजे जनपदोद्ध्वंस हे कोणत्याही व्याधीचे नाव नाही. ज्वर, अतिसार, श्वास ही जशी व्याधींची नावे आहेत तसे हे नाव नाही. हे ध्यानात न घेतल्यामुळे ‘जनपदोद्ध्वंसावर गुणकारी’ अशी वाक्ये वेष्टनांवर आली. ओसाड पडलेल्या गावावर एखादे चूर्ण गुणकारी आहे, असे म्हणण्यासारखेच हे झाले.

एपिडेमिक या पाश्चात्त्य शब्दाचे भाषांतर म्हणून हा शब्द वापरावा काय, असाही प्रश्न विचारला जातो. मूळ ग्रीक शब्दात ‘लोकांवर’ एवढाच भाव आहे, लोकांत येऊन राहिलेले असे काहीतरी. आगमनाकडे त्याचा रोख आहे, तर आपल्या शब्दाचा रोख परिणामाकडे. शिवाय चरकाच्या अध्यायात युद्धाने होणारा लोकसंहार, राक्षसादिकांचा उपद्रव आणि अभिशाप हेही जनपदोद्ध्वंसाचेच प्रकार म्हणून येतात. लोभ, क्रोध, मोह व अभिमान वाढून लोक शस्त्राने एकमेकांवर तुटून पडतात, हाही उद्ध्वंसच. त्यामुळे हा शब्द साथीपेक्षा व्यापक आहे. केवळ साथीने होणाऱ्या मृत्यूंसाठी आपल्याकडे ‘मरक’ हा नेमका शब्द आहे. सुश्रुताने ऋतुचर्येच्या अध्यायात तो वापरला असून कौटिल्यानेही व्याधीच्या भयाचे उपाय सांगून तेच मरकास लागू केले आहेत. मराठीतील ‘मरी’ ही याच मृ धातूची लेक. गावोगावच्या मरीआईच्या देवळांत ती अद्याप नांदते आहे. संसर्गाने एकापासून दुसऱ्यास होणाऱ्या रोगांसाठी सुश्रुताच्या कुष्ठनिदानात ‘औपसर्गिक’ हा तिसरा शब्द आहे. हे तीन शब्द तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतात; त्यांना पर्याय मानणे हा आळस आहे.

अग्निवेशाचा प्रश्न तर या अध्यायाचा प्राणच होय. ज्यांची प्रकृती, आहार, देह, बल, सात्म्य, सत्त्व आणि वय भिन्न आहे अशा माणसांचा एकाच वेळी एकाच व्याधीने नाश कसा होतो? आयुर्वेदाच्या पायावरच हा प्रश्न येऊन आदळतो, कारण प्रतिपुरुष परीक्षा हेच आपले वैशिष्ट्य. आत्रेयांनी प्रश्न टाळला नाही. व्यक्तिगत भाव भिन्न असले तरी वायू, उदक, देश व काल हे चार भाव सर्वांस समान आहेत. ते बिघडले की जनपद बिघडते, असे उत्तर त्यांनी दिले. वायूपेक्षा जल, जलापेक्षा देश आणि देशापेक्षा काल हा अधिक दुष्परिहार्य, अशी चढती श्रेणीही सांगितली. दूषित जलाची लक्षणे पाहावीत: गंध, वर्ण, रस, स्पर्श पालटलेले, क्लेद वाढलेला, जलचर पक्षी सोडून गेलेले. आजचा जलपरीक्षक प्रयोगशाळेत जे मोजतो त्याचे डोळ्यांना दिसणारे रूप ते हेच. दूषित देशाच्या लक्षणांत डास, माश्या, टोळ, उंदीर यांची वाढ नोंदली आहे. त्यावरून आपल्याकडे जंतुशास्त्र होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह काहींना होतो. तो आम्हांस मान्य नाही. निरीक्षण होते, ते चोख होते, आणि तेवढे म्हणणे पुरेसे आहे.

चिकित्सेविषयी तर अध्याय अत्यंत संयत आहे. ज्यांचा मृत्यू अटळ ठरलेला नाही त्यांच्यासाठी पंचकर्म, विधिवत रसायनप्रयोग, आणि पूर्वीच काढून ठेवलेल्या औषधींनी देहाचे धारण एवढेच सांगून पुढे सत्य, भूतदया, दान, सद्वृत्त, ब्रह्मचर्य, आत्मरक्षण आणि हितकर जनपदाचा आश्रय यांचा उपदेश केला आहे. साथीचा रामबाण म्हणून कोणत्याही एका कल्पाचे नाव दिलेले नाही. ज्या पत्रकांनी या अध्यायाचा हवाला देऊन विशिष्ट वटीची वा काढ्याची जाहिरात केली, त्यांच्या लेखकांनी अध्याय उघडला होता की नाही, याची आम्हांस शंका आहे. आयुष मंत्रालयाने १ एप्रिल २०२० रोजी कोविड-१९ च्या उपचाराविषयी असे दावे प्रसिद्ध करण्यास मनाई करणारा आदेश काढला, तेव्हा काही मंडळींना तो आयुर्वेदावरील अन्याय वाटला. चरक समोर ठेवून पाहिले तर त्या आदेशाने संहितेतील काहीही हिरावून घेतले नव्हते.

हितकर जनपदाचा आश्रय हा उपाय महाराष्ट्रास अनोळखी नाही. १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढे पुण्यात व खेडोपाडी गाठीची साथ शिरली, तेव्हा गावेच्या गावे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहिली. सुश्रुताच्या स्थानपरित्यागाचे हे आचरण होते. मग ते कोणी ग्रंथ वाचून केलेले असो वा नसो. अशा रिकाम्या गावासाठी मराठीत ‘उद्वस’ हा वेगळा शब्द आहे, उद् अधिक वस्, वस्ती उठून गेलेले. उद्ध्वस्त आणि उद्वस यांतील भेद त्या पिढीने अनुभवाने जाणला होता. गाव काही महिने उद्वस झाले म्हणून ते उद्ध्वस्त व्हायचे वाचले.

आता या अध्यायातील सर्वांत कटू भागाकडे वळू. वायू इत्यादी भाव बिघडण्याचे मूळ अधर्म, आणि अधर्माचे मूळ प्रज्ञापराध, असे आत्रेय सांगतात. देश, नगर, निगम व जनपद यांचे प्रमुख धर्म सोडून प्रजेशी वागू लागतात. मग त्यांचे आश्रित, नागर व ग्रामीण जन आणि ‘व्यवहारोपजीवी’ तो अधर्म वाढवितात. व्यवहारोपजीवी म्हणजे व्यापारावर जगणारे. औषधनिर्माते व विक्रेते या वर्गातच येतात. एखादा वैद्य ‘हे आम्हांस लागू नाही’ असे म्हणेल, तर तोही औषध विकतोच. पुढे कृतयुगाच्या ऱ्हासाची जी साखळी दिली आहे ती तर आरोग्यशास्त्र व अर्थशास्त्र यांचा संगम आहे: संपन्नांच्या अतिसेवनाने शरीरास जडत्व, जडत्वातून श्रम, श्रमातून आळस, आळसातून संचय, संचयातून परिग्रह आणि परिग्रहातून लोभ. ज्या अध्यायाने औषधी आधीच काढून ठेवण्याची आज्ञा केली, तोच अध्याय संचयाला अधोगतीची पायरी म्हणतो. यात विसंगती नाही. रुग्णासाठी केलेला संग्रह आणि टंचाईची वाट पाहत केलेली साठवण यांत कोठीवरून भेद दिसत नाही; तो विकताना दिसतो. साथीच्या काळात अश्वगंधा, गुळवेल यांची मागणी अकस्मात वाढली तेव्हा दोन्ही प्रकारचे कोठीदार आम्ही पाहिले.

संग्रहाच्या मुदतीचाही विचार येथे करावा लागतो. शार्ङ्गधराच्या मते चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी क्षीण होते, गुटिका व लेह वर्षभर टिकतात, तर आसव व रसकल्प जुने होतील तसे गुणवान होतात. म्हणजे आत्रेयांची आज्ञा पाळावयाची तर चूर्णांच्या पोत्यांनी कोठार भरून भागणार नाही. चरकाने कल्पस्थानाच्या आरंभी दिलेला संग्रहकाल पाहावा: मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात, कोवळ्या फांद्या व पाने वर्षा आणि वसंतात. कांपिल्याचा तो संवाद ग्रीष्मअखेरीचा आहे, म्हणजे मुळे काढण्याचा काळ संपत आलेला. गुरूंच्या स्वरातील घाई त्यामुळे अधिक कळते. आज कच्चा माल बाजारातून घेणाऱ्या किती फार्मसींना आपले मूळ कोणत्या महिन्यात उपटले गेले हे सांगता येईल?

गुळवेलीचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. शार्ङ्गधराने जी द्रव्ये सदैव ओलीच घ्यावीत असे सांगितले त्यांत गुडूची आहे. साथीच्या काळात तिची मागणी इतकी वाढली की जी वेल दिसेल ती तोडली जाऊ लागली. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध करून यकृतास झालेल्या इजेचा संबंध गुळवेलीच्या सेवनाशी जोडला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया या खऱ्या गुळवेलीऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसायला जवळची वनस्पती वापरली गेली असण्याची शक्यता दाखविली. २०२२ मध्ये याविषयी सूचनाही प्रसृत केली. वाद कोणत्याही बाजूने सुटो, ‘सम्यक् उद्धृत’ या पदाची कसोटी तेथे लागली एवढे निश्चित. दोन्ही वेलींची पाने हृदयाकार असतात. मात्र क्रिस्पाच्या जून खोडावर ठळक गाठी-फोड दाट असतात आणि तिची पाने नितळ, जाडसर असतात. तुकडे करून वाळवलेल्या मालात पानांची ही खूण हाती लागत नाही, म्हणून सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षा वा प्रमाणित पुरवठादार यांवाचून गत्यंतर नाही. ज्यांच्या अंगणात निंबाचे झाड आहे अशा वैद्यांनी ओळख पटवून घेतलेल्या वेलीचे कांड आताच, पावसाच्या आरंभी, त्याच्या बुंध्याशी लावावे; ते सहज रुजते, आणि गुडूचीच्या बाबतीत संग्रह म्हणतात तो हाच.